फोटोची पाठ : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचं रोजचं जगणं

पडद्यावर पहिली स्लाइड शिवमंदिराची आहे आणि ती मुद्दामच पहिली घेतली आहे. आपल्या भागातले जुने फोटो म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अंबरनाथचं मंदिर येतं. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ. आज आपल्याला देवळाबद्दल बोलायचं नाहीये. देवळापुढून जी माणसं जात-येत होती, त्यांचं काय झालं, हा आजचा विषय आहे.

1856 च्या मे महिन्यात कल्याणपासून पळसदरीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि अंबरनाथ मुंबईच्या जवळ आलं. 1868 साली सरकारच्या हुकमाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे उतरली. टेरी हे त्यांचे प्रमुख. त्यांनी मापं घेतली, चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. त्याच काळात मंदिराचे फोटोही निघाले. रेल्वे नसती तर हे काम फार अवघड गेलं असतं, कारण त्या वेळचा फोटो म्हणजे एक बिऱ्हाडच असे. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे काळोखी राहुटी बरोबर हवी, बाटल्या हव्यात, काचांच्या पेट्या हव्यात आणि मुबलक पाणी हवं. मंदिराला लागून वालधुनी वाहते, ही फोटोग्राफरच्या दृष्टीने मोठीच सोय.

आता गंमत बघा. त्या काचेला प्रकाश पुरेसा मिळायला काही सेकंद लागत. देऊळ हलत नाही, त्यामुळे कोरीवकाम इतकं स्वच्छ येतं की आजही थक्क व्हावं. पण तेवढ्या वेळात समोरून कुणी चालत गेलं, तर काचेवर एक धुरकट रेघ उमटे, नाहीतर काहीच नाही. गुराखी, पूजेला आलेली बाई, पाण्याला जाणारी पोर, ही सगळी तिथे असूनही फोटोत नाहीत. त्या काळातल्या देवळांच्या फोटोंत माणूस दिसतो तो बहुतेक वेळा मुद्दाम उभा केलेला. खांब किती उंच हे कळावं म्हणून. त्याला सांगितलेलं असतं, हलू नकोस. तो हलला नाही म्हणून दीडशे वर्षं टिकला. पण तो कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. खांबाची उंची फूट-इंचांत आहे, त्याचं नाव नाही.

यावर आपण चटकन म्हणतो, साहेबाचा कॅमेरा, त्याला आपल्या माणसांचं काय? हे अर्धंच खरं. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी होते. त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः नावाजलेले फोटोग्राफर. एल्फिन्स्टनमध्ये 1855 च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. म्हणजे कॅमेरा आपल्या हातातही लवकर आला. पण कॅमेरा कुणाच्याही हातात असो, तो वळत होता देवळाकडे, दरबाराकडे, नाहीतर नमुन्याकडे.

नमुन्याकडे म्हणजे काय? विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरचे 1863 आणि 1866 मध्ये दोन खंड निघाले, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचे. पुष्कळ पानांवर माणसांचा फोटो एका जागी काढलेला आणि मागचा देखावा दुसरीकडचा, दोन्ही जोडून एक केलेले. खाली जातीचं नाव. व्यक्तीचं नाव नाही. आज आपण ती पानं बघून "काय सुंदर पागोटं!" म्हणतो. पागोटं सुंदर आहेच. पण ज्याच्या डोक्यावर आहे तो माणूस त्या पानावर कुणीच नाही.

शेजारी ही दुसरी स्लाइड लावतो. ही खूप लांबची, स्कॉटलंडची. एडिंबरोजवळ समुद्रकाठी न्यूहेवन नावाची कोळ्यांची वस्ती. 1843 ते 1847 च्या दरम्यान डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अॅडमसन या दोघांनी तिथल्या लोकांचे फोटो काढले. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. पट्ट्यापट्ट्यांचे झगे घातलेल्या, मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन शहरात विकायला जाणाऱ्या बायका. आपल्या कोळणी डोक्यावर पाटी घेतात, त्या पाठीवर, एवढाच काय तो फरक. त्यातली एक टोपलीशेजारी उभी आहे, नजर खाली वळवून. वॉल्टर बेंजामिन या जर्मन लेखकाने 1931 मध्ये फोटोग्राफीवर निबंध लिहिला, त्यात तो या फोटोपाशी थांबतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की या चित्रात असं काहीतरी उरतं जे फोटोग्राफरच्या कलेत जिरत नाही. बघणाऱ्याला हट्टाने विचारावंसं वाटतं की ही बाई कोण होती, हिचं नाव काय. आणि ते नाव आपल्याला माहीत आहे! एलिझाबेथ जॉनस्टन हॉल. कुणीतरी ते टिपून ठेवलं, पुढच्यांनी जपलं. तेवढ्याने ती "स्कॉटिश कोळीण" राहिली नाही, मिसेस हॉल झाली.

आता आपल्या तीन गावांकडे येऊ. आम्ही गेली काही वर्षं घरोघरी अल्बम बघतो आहोत आणि पुन्हा पुन्हा हाच अनुभव येतो. चेहरे भरपूर आहेत. नावं संपत चालली आहेत.

उल्हासनगरपासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. आसपासच्या गावांच्या जमिनींवर लांबच लांब बराकी. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणलं गेलं. जवळपास एक लाख माणसं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पण लोकांच्या तोंडी कॅम्प राहिला तो राहिलाच. आजही माणूस सांगतो, "कॅम्प तीनला राहतो." पत्ता म्हणजे कॅम्प नंबर आणि बराक नंबर.

या लोकांनी येताना काय आणलं? दागिने, भांडी, कागदपत्रं, ग्रंथसाहिब. अल्बम आणणारे थोडे. म्हणून कितीतरी कुटुंबांत फोटोंची गोष्ट कॅम्पातच सुरू होते. आजोबांचं कराचीतलं, शिकारपूरचं, हैदराबादचं घर फक्त सांगण्यात आहे, त्याचा फोटो नाही. आणि जो पहिला फोटो आहे तो स्टुडिओतला. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीशेजारी फुलदाणीचा स्टूल, घरातला कर्ता पुरुष कोटात. तो कोट स्टुडिओचाही असू शकतो! घरात एका बराकीचे चार वाटे, मध्ये भिंतीऐवजी गोणपाट नाहीतर चादर, आणि फोटोत मात्र संगमरवरी जिना. याला आपण खोटेपणा म्हणू नये. हे फोटो टपालाने जात. अजमेरला, इंदूरला, जयपूरला, कुठे हाँगकाँगला, जिथे जिथे कुटुंब फुटून पांगलं होतं तिथे. फोटो म्हणजे पत्र होतं. मजकूर एकच, आम्ही बरे आहोत.

हे फोटो नीट बघितले की बरंच कळतं. थोरली बाई सुथण घालून बसलेली, सून साडीत. म्हणजे पेहराव कुठल्या पिढीत बदलला ते एका चौकटीत दिसतं. मुलाच्या हातात पाटी, मुलीच्या हातात पुस्तक. आणि पाण्याची रांग? संडासाची रांग? रेशनची? त्या कुठेही नाहीत. आपला त्रास आपणहून पैसे देऊन कोण काढून घेईल? घरच्या अल्बमची हीच मर्यादा आहे. सण दिसतो, वार दिसत नाही.

मग रोजचं जगणं दिसतं कुठे? तर मागे, कडेला. त्याचं कारण कॅमेऱ्यात आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे घरोघर आला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. एका रोलवर बारा फोटो. फ्लॅशचा खर्च परवडायचा नाही आणि साध्या भिंगाला ऊन लागायचं. म्हणून काका म्हणायचे, "सगळे बाहेर या, अंगणात!" ऊन तोंडावर घेऊन, डोळे बारीक करून सगळे ओळीने उभे. अंगणात आले म्हणजे पाठीमागे अंगण आलंच. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, खाटेवर पसरलेले पापड, शिवणयंत्र, पिंप, सायकल, आणि फोटोत यायचं नव्हतं पण आलीच अशी शेजारीण. उल्हासनगरचे पापड आणि लोणची, पुढे कपडे, पुढे जीन्स, या सगळ्या धंद्यांची सुरुवात अशा फोटोंच्या मागच्या बाजूला वाळत पडलेली आहे. पुढे उभ्या असलेल्या मंडळींपेक्षा आम्हाला तीच खाट जास्त बोलकी वाटते.

आणि आता फोटोची खरीखुरी पाठ. फोटो उलटा केला की मागे शाईने दोन ओळी. सिंधी भाषा, अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी, उजवीकडून डावीकडे. आजोबांच्या हातचं. आजी बऱ्याच घरांत गुरुमुखी वाचणारी, तिने लिहिलं असेल तर लिपी तिसरीच. नातू इंग्रजी शाळेत शिकलेला, घरी सिंधी बोलतो, बाहेर हिंदी, बाजारात मराठी, पण ही अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. 1967 मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, देवनागरीत लिहावी की अरबी लिपीत यावर वर्षानुवर्षं वाद झाले, दोन्ही लिपी मान्य झाल्या. आणि इकडे घरातल्या कपाटात नाव लिहिलेलं आहे, घरच्यांना ते वाचता येत नाही! आपण मराठी लोकांनी यावर हसू नये. पणजोबांच्या मोडीतल्या चिठ्ठ्या आपल्यापैकी किती जण वाचू शकतात, हात वर करा बरं. एक... दोन. बघा.

अंबरनाथला वेगळाच नमुना सापडतो, तो ग्रुप फोटोचा. अंबरनाथ हे कारखान्यांचं गाव. धरमसी मोरारजी ही 1919 ची कंपनी, तिचा रसायनांचा कारखाना इथे. मग विमको, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, स्वीडनच्या भांडवलाची. आगपेटी प्रत्येक घरात होती पण ती कुठे बनते हे आपल्या गावच्या लोकांनाच पक्कं ठाऊक. कारखाना गेला, विमको नाका उरला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर वसाहती, शाळा, देशभरातून आलेली माणसं. या सगळ्यांचे ग्रुप फोटो घरोघरी आहेत. निवृत्तीचा समारंभ, शाळेची अकरावी, मॅच जिंकलेला संघ. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली छापलेली नावं. "खुर्चीवर बसलेले, डावीकडून." "मागे उभे." हे फार मोलाचं आहे, कारण इथे नाव आणि चेहरा एका कागदावर मिळतात. मात्र ही यादी कुठे संपते तेही बघावं. खुर्चीवरच्या साहेबांची आद्याक्षरांसकट पूर्ण नावं, मागच्यांची नुसती आडनावं, आणि टोकाला उभा असलेला शिपाई, कधी कधी त्याच्या नावाच्या जागी नुसतं "शिपाई". देवळाच्या खांबाशेजारी उभा असलेला माणूस इथपर्यंत येऊन पुन्हा भेटतो.

बदलापूरची गोष्ट उलटी. तिथे शब्द आहेत. ना. गो. चापेकर, जन्म 1869, न्यायखात्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर बदलापूरला राहिले आणि 1933 मध्ये त्यांनी आपल्या गावावर एक जाडजूड पुस्तक काढलं, 'आमचा गाव बदलापूर'. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावात कोण राहतं, घरं कशी, शेती कशी, लोक काय खातात, कुठल्या रीती पाळतात, कसं बोलतात, हे न्यायाधीशाच्या शिस्तीने त्यांनी टिपलं. समाजशास्त्र हा शब्दही मराठीत रुळला नव्हता तेव्हाचं हे काम. आमचं स्पष्ट मत आहे की या पट्ट्यातल्या रोजच्या जगण्याचा सगळ्यात चांगला फोटो चापेकरांनी काढला, कॅमेऱ्याशिवाय. त्यांची नजर गावातल्या शहाण्यासुरत्या, लिहित्या माणसाची आहे, हेही वाचताना लक्षात ठेवावं. गावकुसाबाहेरच्यांनी, डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांनी तोच गाव लिहिला असता तर पुस्तक वेगळं झालं असतं. पण ज्याला एखाद्या बदलापूरकराच्या घरात जुना फोटो मिळाला आणि त्यातली वस्तू ओळखता येईना, त्याने आधी चापेकर उघडावेत. वस्तूचं नाव आणि वापर तिथे मिळण्याची शक्यता मोठी. फोटो आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचायचं काम अजून कुणी हातात घेतलेलं आम्ही पाहिलं नाही. इथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी कुणाला एम.ए.साठी विषय हवा असेल तर हा घ्या, फुकट आहे.

आता हे सगळं आजच का बोलायचं, याचं कारण सांगतो. 26 जुलै 2005. इथे बसलेल्या बहुतेकांना तारखेपुढे काही सांगायला नको. उल्हास आणि वालधुनी दोन्ही घरांत शिरल्या. तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे कप्पे पहिले बुडाले आणि अल्बम नेमके तिथेच असतात, जड असतात म्हणून. पाणी ओसरल्यावर लोकांनी काय केलं? कागदपत्रं उन्हात वाळवली, गाद्या टाकल्या आणि एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सुटे केले. ओढले की वरचा थर निघून येतो, चेहऱ्यासकट. हे पुन्हा होऊ नये म्हणून सांगून ठेवतो. भिजलेले फोटो वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, आपोआप सुटतात, मग चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक पसरायचे. निगेटिव्ह असतील तर त्यांनाही हेच.

पुराशिवाय दुसरा शत्रू घरातच आहे. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरे आले, रंगीत फोटो आले आणि त्यांच्याबरोबर चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम. दिसायला झकास. हौशीने आपण जुने कृष्णधवल फोटोसुद्धा काळ्या कागदाच्या अल्बममधून काढून त्यात लावले. तो गोंद पिवळा पडतो, फोटो खातो. निघत नसेल तर खालून दात साफ करायचा धागा हळूहळू करवतीसारखा फिरवून सोडवायचा. नाही सुटला तर तसाच राहू द्या, वरून स्कॅन करा.

आणि तिसरं, बराकी पडताहेत, वाडे पडताहेत. कॅम्पात बराकीच्या जागी इमारती उठल्या, बदलापुरात वाड्यांच्या जागी टॉवर. घर बदलताना माळा रिकामा होतो. फोटो भंगारात जातात ते निष्ठुरपणे नाही जात. घरातला कुणीतरी फोटो हातात घेतो, विचारतो, "हे कोण?" उत्तर येत नाही, म्हणून जातात. ज्या फोटोमागे नाव असतं तो सहसा कुणी टाकत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मोबाइलमुळे हे सुटलं असं वाटत असेल, तर जुलै 2019 आठवा. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढले गेले. त्या दिवसाचे फोटो किती निघाले असतील! आसपासच्या गावांतले लोक मदतीला धावले, तेही त्यांत असतील. पाच-सहा वर्षांनी त्यातल्या किती जणांची नावं कुणाला सांगता येतील? मोबाइलच्या फोटोला पाठ नसते. लिहायचं कुठे?

म्हणून आमचं काम अगदी साधं आहे. अल्बम घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसायचं. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं. प्रश्न "हे कोण" एवढाच विचारायचा नाही. "फोटो कुणी काढला? त्या दिवशी काय होतं? मागचा नळ कुणाचा? ती बाजूची बाई कोण?" असं विचारायचं. कडेच्या माणसांबद्दल आधी विचारा, कारण मधल्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मग मऊ शिसपेन्सिलीने पाठीवर लिहायचं, कडेला, दाब न देता. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. गुळगुळीत रंगीत कागदावर पेन्सिल उठत नाही, त्यासाठी पाकीट करा आणि पाकिटावर लिहा. पाठीवर आधीच काही लिहिलेलं असेल आणि वाचता येत नसेल, तर त्या बाजूचाही स्कॅन काढा. लिपी वाचणारी माणसं अजून आहेत. कॅम्पात अरबी सिंधी सहज वाचणारे आजोबा तुम्हाला भेटतील, पण बहुतेक सगळे ऐंशीच्या पुढचे.

आणलेले फोटो बाहेरच्या टेबलावर मांडले आहेत. पस्तीसेक आहेत, एकाही फोटोमागे नाव नाही. चहा घेता घेता बघा. कुणी ओळखीचं दिसलं तर तिथे कागद आहेत, फोटोचा क्रमांक घालून लिहा. आता प्रश्न घेऊ. हां, मागून दुसऱ्या रांगेतल्या आजी, बोला.